चारचौघांपेक्षा जास्त

अनावर खाण्याच्या आजाराचे निकष तपासायला नेमलेल्या समितीपुढे एका मंगळवारी एक ग्रंथपाल बाई हजर झाल्या. आजार सिद्ध झाला तरच उपचार, असा नियम होता, आणि बाईंना उपचार हवे होते. घरातले जेवून उठले की त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या आणि पोट दुखेपर्यंत खायच्या. थांबावंसं वाटायचं, थांबता यायचं नाही. नणंदेने 'जिभेचे चोचले' असं निदान केव्हाच करून टाकलं होतं. हे सांगताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समितीने सहानुभूतीपूर्वक नोंद घेतली आणि पहिला निकष वाचला: 'दोन तासांत चारचौघांपेक्षा निश्चितपणे जास्त खाणे.'

चारचौघं म्हणजे नेमके कोण, अशी शंका सचिवांनी काढली. व्याख्या कुठल्याच परिशिष्टात सापडेना. अध्यक्षांनी खोलीभर नजर फिरवली. स्वतः अध्यक्ष आणि सचिव धरून सदस्य बरोबर चार होते.

बाईंच्या अर्जात एका वेळचा ऐवज नोंदलेला होता: एक अख्खा ब्रेड आणि बिस्किटांचे दोन पुडे. आता चारचौघं किती खातात एवढंच ठरवायचं उरलं. शास्त्र म्हटलं की प्रयोग आला. समिती खायला बसली.

कार्य सार्वजनिक हिताचं असल्याने कुणीच हात आखडता घेतला नाही. दर मंगळवारी आकडे सुधारत गेले. आधी आढेवेढे घेणाऱ्या समितीतल्या आहारतज्ज्ञांनी पुढे फक्त गोडासाठी वेगळी उपसमिती मागितली. तीन महिन्यांनी माणशी सरासरी अडीच ब्रेडवर गेली, तेव्हा बाईंना बोलावणं धाडलं.

"तुम्ही चारचौघांपेक्षा कमीच खाता," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला काहीही झालेलं नाही."

"पण साहेब, मला थांबता येत नाही हो."

"आम्हाला तरी कुठे येतंय?" अध्यक्षांनी मोकळेपणाने सांगितलं. "तुम्हाला लाज वाटते, एवढाच काय तो फरक. ती सोडा."

बाईंना रडू आलं. इतिवृत्तात ते 'समाधान व्यक्त केले' असं नोंदवलं गेलं.

तरीही कुणावर अन्याय नको म्हणून समितीने प्रकरण जनतेच्या हरकती आणि सूचनांसाठी खुलं ठेवलं. तीस दिवसांत हरकत एकही आली नाही. सूचनांचा मात्र ढीग पडला, आणि बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अक्षरं वेगवेगळी, मजकूर एकच: 'बाईंनी जरा मनाला आवर घालावा.'

त्यात तुमची सूचना नव्हती. तुम्ही ती नुसती मनात म्हणालात.