जावई रजेवर आहे

रेमंडने रजा मागितली तेव्हा कोच बुटाची नाडी बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

"कसली रजा?"

"मिसेसची डिलिव्हरी आहे, सर. पहिलीच."

"डिलिव्हरी तिची आहे ना? मग तू काय करणार तिथे?"

"जवळ असणार, सर."

"सीझनच्या मध्यात? बाकीच्या महिन्यांत काय पोरं होत नाहीत?"

रेमंड मुंबईतल्या एका व्यावसायिक क्लबचा गोलकीपर होता. कीपर म्हणण्यापेक्षा बाकावर बसणारा कीपर. यंदा पहिल्या कीपरचा गुडघा गेला आणि रेमंड गोलात उभा राहिला, तोही बऱ्यापैकी. अशा वेळी रजा मागणं म्हणजे कधी नव्हे ते पहिल्या पंगतीत पान मिळावं आणि आपणच उठून जावं, तसं होतं. संघातही यावर वाद झाला. निम्मे म्हणाले, करार सीझनचा असतो, खेळाडूने घर विसरावं. निम्मे म्हणाले, पोर काय पुढच्या सीझनला पुन्हा जन्मतं? कॅप्टन मोज्यांची घडी घालत राहिला. त्याने स्वतःची दोन्ही मुलं पहिल्यांदा मोबाइलवर पाहिली होती.

"जा," कोच शेवटी म्हणाला. "पण तुझी जागा दुसऱ्याने घेतली तर माझ्याकडे रडत यायचं नाही. आणि रजेत बॉलला पाय लावायचा नाही. हातही नाही."

रेमंडच्या हट्टाला कारण होतं. त्याचा बाप स्टॅनी बोटीवर नोकरीला होता. मुलगा झाल्यावर तो पहिल्यांदा निर्मळ गावी घरी आला तेव्हा रेमंड चालायला लागला होता, आणि हा परका माणूस पाहून तो खाटेखाली जाऊन बसला. त्यानंतर बापलेकात कधी भांडण झालं नाही, कारण फारसं बोलणंच झालं नाही. म्हणून रेमंडने बायकोला, रिचेलला, शब्द दिला होता, बाळ डोळे उघडेल तेव्हा मी समोर असेन.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. रिचेलचं माहेर वटार गावात. त्यामुळे रेमंडची रजा सासुरवाडीच्या ओट्यावर सुरू झाली, आणि तिथेच सगळं बिघडलं. वटारमध्ये जावई कामाच्या दिवशी, दिवसाढवळ्या, सासऱ्याच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेला कोणी पाहिला नव्हता. तसा तो दिसला तर एक तर घरात कोणी गेलंय, नाही तर त्याची नोकरी गेलीय. घरातले सगळे तर धडधाकट फिरत होते.

"क्लबाने काढलं काय रे?" केळीचा घड सायकलला बांधता बांधता शेजाऱ्याने सासऱ्याला, डॉमनिकला, हळूच विचारलं.

"नाय. रजेवर हाय. बाळंतपनाची रजा."

"कोनाच्या?"

"रिचेलच्या."

"मग रजा याला कशाला?"

शेजाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हा हात डॉमनिकला फार लागला. तो जितकं समजावून सांगू लागला, तितके लोक जास्त मायेने माना हलवू लागले. कोणी शाळेच्या बसवर ड्रायव्हरची जागा असल्याचं कळवलं. कोणी भाजी पाठवली. रविवारी मिस्साच्या वेळी नोकरी गमावलेल्यांसाठी प्रार्थना झाली. नाव कोणाचंच नव्हतं, पण अख्खं चर्च वळून रेमंडकडे पाहत होतं. डॉमनिक घरी येऊन न जेवता झोपला.

"पप्पा, मी खरंच रजेवर आहे," रेमंड म्हणाला.

"ते मला ठाव हाय," डॉमनिक भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "पन मला ठाव असून काय उपेग?"

त्याच आठवड्यात चर्चच्या मैदानावर गावांची स्पर्धा चालू होती. फायनल वटार आणि होळी या गावांची. वटारच्या कीपरचं बोट सुजलं आणि गावच्या संघाचा कॅप्टन रॉबर्ट ओट्यावर येऊन उभा राहिला.

"रेमंड, तू आता मोकळाच आहेस."

"मोकळा नाही. माझा काँट्रॅक्ट आहे. बाहेर खेळता येत नाही."

"हो, हो. काँट्रॅक्ट," रॉबर्ट म्हणाला, आणि त्याने इतक्या दयेने पाहिलं की रेमंडला उठून जावंसं वाटलं.

आतून रिचेल बाहेर आली. तिचे पाय सुजले होते आणि तिला या सगळ्याचा कंटाळा आला होता. "जा बाबा. डॉक्टर म्हणालेत अजून वेळ आहे. पप्पा जेवत नाहीत, मम्मी त्यांच्यावर चिडते आणि मग माझ्यावर. एकदा खेळ, म्हणजे सगळे गप्प बसतील. दुखायला लागलं तर मैदान चार घरांवर आहे. पप्पा सांगतील तुला."

रेमंड गेला.

हाफ टाइमनंतर खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा सामना बरोबरीत होता. त्याच वेळी सासू आग्नेस मैदानाच्या कडेला आली आणि डॉमनिकला म्हणाली, "कळा सुरू झाल्या. मी रिक्षाने तिला दवाखान्यात नेते. तुमी रेमंडला घेऊन या."

डॉमनिक सरळ गोलच्या मागे जाऊन उभा राहिला. तो तोंड उघडणार तोच होळीला पेनल्टी मिळाली. अशा वेळी कीपरला काय सांगायचं? तो थांबला. रेमंडने डावीकडे झेप घेऊन पेनल्टी अडवली आणि वटारची माणसं मैदानात घुसली. सायकलवाला शेजारी धावत येऊन डॉमनिकच्या गळ्यात पडला. ज्या हातांनी इतके दिवस त्याचे खांदे थोपटले होते, तेच हात आता त्याचा हात धरून हलवू लागले.

"डॉमनिक, तुजा जावय म्हंजे भिंत हाय भिंत."

डॉमनिकची मान कितीतरी दिवसांनी ताठ झाली. आग्नेसला रिचेलच्या वेळी अख्खी रात्र लागली होती, हे त्याला आठवलं. पहिलं पोर, कुठे पळून जातंय, असा त्याने हिशेब केला आणि तो हात मिळवत राहिला. सामना बरोबरीत सुटला, मग पेनल्टी शूटआउट झालं. वटार जिंकलं. लांबलेल्या भाषणांनंतर रेमंडला सामनावीर म्हणून प्रेशर कुकर मिळाला.

"तशी काय घाई नाय," डॉमनिक मग त्याच्या कानाशी म्हणाला, "पन दवाखान्यात जाऊन येऊ."

दवाखान्याच्या बाकावर स्टॅनी बसला होता. आग्नेसने फोन केल्याबरोबर तो निर्मळहून स्कूटरवर निघाला होता. त्याच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी होती आणि ती डोळे उघडून त्याच्याकडेच पाहत होती. रेमंड चिखलाचे ग्लोव्हज आणि कुकरचा खोका घेऊन दारात उभा राहिला. डोळे पुसायला त्याच्याकडे रिकामा हात नव्हता.

"या वेळी मी वेळेवर पोचलो," स्टॅनी म्हणाला. मग मुलाचा चेहरा पाहून त्याने जागा करून दिली. "बस. मी आलो होतो तेव्हा तू खाटेखाली पळालास. हिला पळता येत नाय. तेवढी सुधारणा हाय आपल्या घरात."

आत रिचेल भिंतीकडे तोंड करून झोपली होती. "जिंकलात?" तिने विचारलं.

"हो."

"छान," ती म्हणाली आणि वळली नाही.

तोपर्यंत रॉबर्टने कौतुकाने फोटो सगळीकडे टाकला होता. हवेत आडवा झालेला रेमंड, आणि खाली लिहिलेलं, 'प्रोफेशनल कीपर, वटारचा जावई.' संध्याकाळी कोचचा फोन आला. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं.

"मुलगी झाली म्हणे. अभिनंदन. तिच्यासाठी रजा हवी होती ना? आता तिच्याजवळच राहा. इकडे येऊ नकोस."

रेमंडने ही गोष्ट फक्त रिचेलला सांगितली. तेव्हा पहिल्यांदाच तिने मुलगी त्याच्या हातात दिली. डॉमनिकला मात्र सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं, कारण तो आता दोन्ही वेळ पोटभर जेवत होता.

रेमंड सकाळी ओट्यासमोरच्या दोरीवर दुपटी वाळत घालतो. येणारेजाणारे थांबतात. पेनल्टी सगळ्यांनी पाहिलेली असल्यामुळे आता कोणालाच शंका नाही.

"जावय रजेवर हाय," शेजारी सायकलवरून उतरून नव्या माणसाला सांगतो. "पोरीसाठी. मोठ्या क्लबात बापाला पन देतात म्हने." मग रेमंडला आदराने विचारतो, "कदी संपते रजा?"

रेमंड एक दुपटं झटकतो आणि दोरीवर नीट पसरतो.

"मोठी आहे," तो म्हणतो.