देसांकाचा चिमटा

गाडी सुरू होईना. मागच्या सीटवर उकडलेल्या गोड गव्हाचं ताट, मेणबत्त्या आणि वाईनची बाटली ठेवून राडोये चावी फिरवत होता. बायकोला, देसांकाला जाऊन आज वर्ष झालं होतं. टेकडीवरच्या दफनभूमीत अकराला प्रार्थना होती आणि आता साडेदहा वाजले होते.

"ठिणगी पडते का बघू," शेजारचा मिलोये बॉनेट उघडत म्हणाला. "प्लगची वायर मी धरतो, तू चावी फिरव."

"देसांका ती कपड्यांच्या लाकडी चिमट्यात धरायची. पायात रबरी बूट घालून."

"बायका घाबरतात रे."

राडोयेने चावी फिरवली. झटका बसून मिलोये दोन पावलं मागे गेला आणि कोंबड्यांच्या पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला.

"तीस वर्षं मीही तिला हेच म्हणायचो," राडोये म्हणाला.

मिलोयेने रकिया दारूचा एक घोट घेतला आणि वायरीला कोरडा टॉवेल गुंडाळला. तेवढ्यात फादर गव्रिलो पायी आले. त्यांनाही याच गाडीतून वर जायचं होतं.

"थांबा, आधी आशीर्वाद देतो," म्हणत त्यांनी तुळशीच्या जुडीने इंजिनावर पवित्र पाणी शिंपडलं. टॉवेल भिजला. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे चांदीचा क्रॉस पुढे केला. मिलोये वायर न सोडता चुंबनासाठी वाकला. बॉनेटमुळे राडोयेला यातलं काहीच दिसलं नाही. त्याने चावी फिरवली.

मिलोये ओरडला आणि त्याच सुरात फादरही.

"चाळीस वर्षं हा क्रॉस धरतोय," फादर दाढी चाचपत म्हणाले, "पण असं कधी झालं नव्हतं."

राडोये घरात गेला. स्वयंपाकघराच्या दारामागे देसांकाचा एप्रन लटकत होता. वर्षभर त्याने त्याला हात लावला नव्हता. खिशात चिमटा होता, कडेला ठिणगीने काळा पडलेला. तो घेऊन राडोये बाहेर आला.

या वेळी मिलोयेने रबरी बूट घातले, वायर चिमट्यात धरली आणि दुसरा हात खिशात घातला. निळी ठिणगी चटचट पडली. कोणालाही काही झालं नाही.

"ठिणगी आहे," मिलोये म्हणाला.

"ते आम्हाला मघाशीच कळलं," फादर म्हणाले. "पेट्रोल आहे का?"

"पेट्रोल ती बघायची," राडोये म्हणाला.

टाकी कोरडी होती. गवत कापायच्या यंत्रासाठीचा पेट्रोलचा डबा मात्र तिने भरून ठेवला होता, वर्षभर तसाच. तो ओतला आणि तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली.

वर सगळे थांबले होते. प्रार्थना झाली, गहू वाटले, वाईन कबरीच्या मातीवर शिंपडली. एकेक जण पुढे येऊन क्रॉसचं चुंबन घेऊ लागला. मिलोयेची पाळी आली तसा तो अडखळला आणि राडोयेच्या कानाशी कुजबुजला,

"चिमटा आणलायस ना?"

वर्षभरात राडोये पहिल्यांदा हसला. मग मातीकडे बघून हळूच म्हणाला, "बघ देसांका, शेवटी ऐकलं आम्ही तुझं."