चौदा मिरच्या

डब्याचं झाकण फळीवरून घरंगळलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. मंजुळाने झडप घालून ते दाबलं. चार वर्षांची सरू तोंडावर हात ठेवून उभी होती. खाटेवर ज्योतीराम कूस बदलून पुन्हा घोरू लागला, तेव्हा कुठे मंजुळाने श्वास सोडला.

आज पाळी बदलायचा दिवस. रात्रपाळी उरकून तो सकाळी आला होता आणि दुपारी तीनला पुन्हा कारखान्यात हजर व्हायचं होतं. मागच्या आठवड्यात यंत्रापाशी डुलकी लागली, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "आणखी एकदा, की कायमचे घरीच झोपा." म्हणून या एका खोलीत आज कोणी रडायचं नव्हतं.

सात महिन्यांच्या बाळाने कान ओढला. मंजुळा सावध झाली. आधी कान, मग लालसर भुवया, मग भिंतीकडे एकटक नजर. नेमकं तेव्हा झोळीत घातलं तर पाच मिनिटांत गाढ; ती वेळ हुकली की संध्याकाळपर्यंत आकांत. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, त्याच्याकडे बघता बघता कळलं होतं. भुवया लाल झाल्या. तिने त्याला अलगद उचललं.

"ताक घ्या गं, ताक!" दारात वाडीवरची गवराबाई.

"मावशी, हळू! हे निजलेत."

"बरं बाई." गवराबाई कुजबुजली, पलीकडच्या चाळीतही ऐकू गेलं असेल. "आगं, पोरगं कान वढतंय! दिष्ट लागलीया."

"नाही हो, झोप आलीय त्याला."

"झोप काय कानातनं येती व्हय? मिरच्या आन."

वाद घालावा तर आवाज चढणार. मंजुळाने मुकाट्याने सात मिरच्या दिल्या. गवराबाईने त्या बाळावरून उतरवून शेगडीत टाकल्या. ठसका नाही.

"बघ! वास न्हाई. लई कडक दिष्ट हाय. आनकी सात दे."

त्याही गेल्या. तरी काही नाही.

"का इस्तूच इझलाय?" म्हणत गवराबाईने वाकून जोरात फुंकर मारली.

चौदाच्या चौदा एकदम पेटल्या. बाळाने टाहो फोडला. ज्योतीराम ताडकन उठला. "गळती! गळती झाली! बाहेर पळा!" झोपेत तो अजून कारखान्यातच होता. एका हाताने बाळ उचलून, दुसऱ्याने गवराबाईचा दंड धरून त्याने दोघांना ओट्यावर काढलं.

"गेली बघ दिष्ट," डोळे पुसत गवराबाई म्हणाली आणि ताकाचं मडकं उचलून चालू लागली.

मंजुळा आत पदराने धूर हाकत राहिली. हाकता हाकता तिच्या लक्षात आलं, बाहेर फार शांत आहे.

ज्योतीराम भिंतीला टेकून झोपला होता. त्याच्या छातीवर बाळ, मूठ बनियनमध्ये रुतलेली. सरूला जवळ घेऊन ती उंबऱ्यावर बसली. किती वेळ बघत बसली कोण जाणे.

अडीचचा भोंगा झाला. दोघांतलं कुणीच हललं नाही.

सरूने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आई, बाळाला न उठवता आप्पांना कसं उठवायचं गं?"