नमुन्याचं अस्वल

कीर्तन वाचवायचं तर पोरं गोळा करायला हवीत, आणि पोरं गोळा करायची तर ड्रग्जशिवाय पर्याय नाही, असा निष्कर्ष भाऊराव केळुसकरांसारख्या माळकरी माणसाला काढावा लागला. त्याला कारण झाली मुलुंड पूर्वेच्या श्रीसौरभ सोसायटीची सचिव, नीलम गोगटे.

कमिटीच्या बैठकीत विषय क्रमांक चार होता, 'रथसप्तमीचं कीर्तन बंद करून त्या वेळी झुंबा वर्ग भरवणे'.

"काका, गेल्या वर्षी अकरा माणसं होती," नीलम म्हणाली. "त्यात एक पेटीवाला, एक तबलजी आणि एक आपला वॉचमन."

"वॉचमन शेवटपर्यंत बसला होता," भाऊराव म्हणाले.

"हॉलमध्ये पंखा आहे, काका. त्याच्या केबिनमध्ये नाहीये."

बावीस वर्षं दर रथसप्तमीला पार्ल्याच्या कुंदाताई येत. नऊवारी नेसलेल्या, हातात झांज. पूर्वरंगात त्यांनी नुसता "देवा" म्हणून स्वर लावला तरी भाऊरावांचे डोळे भरून येत. वर्षभराच्या कटकटीत त्या एका संध्याकाळचा आधार असे. तिथे आता लोक हातपाय झाडणार!

विषय क्रमांक पाच होता, 'मुलांमधले ड्रग्ज'. नीलमने मोबाइलवरचे फोटो सगळ्यांना दाखवले. "बघा. आता या गोळ्या अस्वलाच्या आकारात येतात. गुलाबी, पोपटी. वर स्ट्रॉबेरीचा वास. पोरांना वाटावं, चॉकलेटच!"

"अरे बापरे!" सगळे म्हणाले. मोबाइल हातोहात फिरला. "दिसतंय मात्र गोड हां," असंही दोघांनी म्हणून घेतलं.

भाऊरावांच्या डोक्यात तिथेच प्रकाश पडला. "नीलम, हाच विषय कीर्तनात घेऊ या. कुंदाताई असं आख्यान लावतील की पोरं आयुष्यात हात लावणार नाहीत."

नीलमने विचार केला. "ठीक आहे. पण साडेसहाला हॉलमध्ये पन्नास डोकी हवीत. नाहीतर पुढच्या वर्षीपासून झुंबा. आणि नुसतं गाऊन नाही चालणार. नमुने पाहिजेत."

नमुन्यांसाठी तिने तिथूनच पोलीस चौकीला फोन लावला. हवालदार माणिक ढवण शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो मुद्देमाल असतो. प्रदर्शनाला देत नाय."

मग सगळ्यांच्या नजरा भाऊरावांकडे वळल्या. म्हणजे खरं तर त्यांच्या शेजारी बसलेल्या बायकोकडे, प्रेमाकडे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत बोरन्हाणाला बसलेलं असं पोर नव्हतं, ज्याच्या डोक्यावर प्रेमाने केलेला हलव्याचा मुकुट चढला नव्हता. साखरेतून ती मोर काढी, कंबरपट्टा काढी, बासरी काढी. अस्वल म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ.

"जरा ओबडधोबड कर हां," भाऊराव म्हणाले. "वाईट वस्तू आहे. बघून शिसारी यायला हवी."

"चाळीस वर्षांत एक हार वाकडा केला नाही. आता म्हातारपणी अस्वल वाकडं करू?" प्रेमाने चष्म्यावरून पाहिलं. "तसलं हवं तर बाजारातून आणा."

तिने चोवीस अस्वलं केली. केस दिसावेत म्हणून अंगावर हलव्याचा काटा फुलवला. डोळ्यांना मोहरी लावली. साखरेत वेलची पडली, कारण वेलचीशिवाय तिच्या हातून गोड होतच नसे. गुलाबीत गुलाब, पिवळ्यात केशर. शेवटी ताटावर रुमाल टाकून ती नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही लांब राहायचं."

हे सांगायचं कारण होतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी भाऊरावांना "साखर म्हणजे तुम्हाला विष" असं सांगितलं होतं. तेव्हापासून केळुसकरांच्या घरातला साखरेचा डबा फरार आरोपीसारखा दर आठवड्याला जागा बदलत होता.

रथसप्तमीच्या दुपारी नीलमने हॉलमध्ये अस्वलं काळ्या मखमलीवर मांडली, वरून दोन दिवे सोडले, झेंडूची महिरप केली. मागे चमचमत्या अक्षरांत 'सावधान!' आणि शेजारी सेल्फी पॉइंट. भिंतीवर तक्ता होता, 'व्यसनाची लक्षणं ओळखा'. मग तिने सोसायटीतल्या यच्चयावत पोरांना ओळीने फिरवून आणलं.

"हे खरं ड्रग्ज आहे. कुणी हात लावला तर खेळ खल्लास!"

भाऊरावांनी तिला बाजूला घेतलं. "अगं, खोटं का सांगतेस? कीर्तनाच्या दिवशी?"

"साखर म्हटलं तर धाक राहील का, काका? ही जनजागृती आहे."

पन्नास डोक्यांकडे लक्ष असल्यामुळे भाऊरावांनी ते गिळलं.

साडेतीनला हॉल रिकामा झाला. राखणीला एकटे भाऊराव खुर्चीवर. पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेरीला केशर-वेलचीचा वास त्यांच्या नाकाशी आणून सोडत होता. त्यांनी नामस्मरण सुरू केलं. डोळे मिटले. डोळे मिटल्यावर वास वाढला. डोळे उघडले तर पहिल्या रांगेतलं पिवळं अस्वल थेट त्यांच्याकडेच बघत होतं. मोहरीच्या डोळ्यांनी, अगदी ओळखीचं असल्यासारखं.

पुढचं कसं झालं ते भाऊरावांना नीट आठवत नाही. अस्वल तोंडात होतं, एवढं खरं.

"आजोबा, तुम्ही ड्रग्ज खाल्लं?"

खांबाआड नीलमचा मुलगा केयूर उभा होता. वय वर्षं नऊ. साखर आहे म्हणून सांगावं, तर नीलमचा धाक जाणार आणि बातमी प्रेमापर्यंत पोचणार. भाऊराव नुसतं "उं" म्हणाले.

केयूर समोर येऊन बसला. भिंतीवरचा तक्ता बघून त्याने तपासणी सुरू केली. "डोळे दाखवा. लाल नाहीयेत. एकटं राहावंसं वाटतंय?"

"हो. तू जा बघू."

"चिडचिड होतेय?"

"अरे, जा म्हणतो ना!"

"होतेय. घरच्यांपासून गोष्टी लपवाव्याशा वाटतात?"

भाऊरावांनी ओठांवरची साखर पुसली.

"चारातली तीन," केयूर म्हणाला. पण अर्धा तास वाट पाहूनही आजोबा ना बरळले, ना पडले. उलट चेहऱ्यावर तेज आलेलं दिसलं. केयूर निराश होऊन खाली खेळायला गेला, आणि त्याने गटाला अहवाल दिला, "ए, काही होत नाही रे. केळुसकर आजोबांनी घेतलं. एकदम झकास आहेत!"

पाच वाजता भाऊराव कुंदाताईंना घ्यायला रिक्षा स्टँडवर गेले. परत आले तेव्हा मखमलीवर एकही अस्वल नव्हतं. भिंतीला टेकून तेवीस पोरं ओठ चाटत बसली होती आणि सातवीतली इरावती आईशी फोनवर बोलत होती.

"आई, मी ड्रग्ज घेतलं. नाही गं, जबरदस्ती नाही केली कुणी. केळुसकर आजोबांनी आधी घेतलं, मग आम्ही. वेलचीचं होतं."

इरावतीची आई अक्षता शनिवार असूनही मरोळच्या ऑफिसात होती. तिने एका मिनिटात पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि दुसऱ्या मिनिटाला पोलिसांना फोन केला. मग जे पालक कधी कीर्तनाला फिरकले नव्हते ते जिममधून, मॉलमधून, सासुरवाडीहून धावत सुटले. साडेसहाच्या आत हॉल भरला, जिना भरला. शेजारच्या बिल्डिंगमधलेही आले.

नीलम खुर्चीवर चढून ओरडत होती, "साखर आहे ती! नुसती साखर!"

"दुपारी पोरांना खरं आहे म्हणालात ना?" अक्षता किंचाळली.

"ते जनजागृतीसाठी!"

"मग आता हे खरं कशावरून?"

तेवढ्यात हवालदार माणिक ढवण आले. त्यांनी रिकामी मखमल हुंगली, तिच्यावरचा कण जिभेला लावला आणि जाहीर केलं, "वेलची आहे. आणि केशर. साखरच आहे ही." हॉलभर सुस्कारा पसरला. "पण मला सांगा, पोरांना हे खरं वाटत होतं ना? मग खाल्लं कसं? सुरुवात कुणी केली?"

"केळुसकर आजोबांनी. केयूरने पाहिलंय," इरावती म्हणाली.

"गप गं!" चार आया एकदम म्हणाल्या. "देवमाणूस तो. चहात साखर घेत नाही."

प्रेमा तर पुढेच आली. "माझ्या घरात साखरेच्या दाण्याला हात लावायची हिंमत नाय त्यांची. कशाला म्हाताऱ्या माणसाचं नाव घेता रे?"

नीलमने केयूरचा कान धरला. "यानेच केलं असणार. वर खोटं बोलतो. साहेब, याला चौकीत घेऊन जा. आणि ऐका सगळे, ज्याने कुणी हे केलं त्याच्यामुळे आजपासून इथलं कीर्तन कायमचं बंद!"

केयूर रडायला लागला. रडता रडता त्याने भाऊरावांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

त्याच क्षणी झांज वाजली. कुंदाताई पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या. अकरा श्रोत्यांची तयारी करून आलेल्या बाईंच्या समोर दीडशे माणसं होती. "हवालदारसाहेब," त्या म्हणाल्या, "आधी कीर्तन, मग अटक. बसा." ढवण बसले. मग सगळेच बसले.

कुंदाताईंनी "देवा" म्हणून स्वर लावला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच भाऊरावांना तो ऐकवेना. ज्या सुरापुढे मन मोकळं करायची सवय, त्याच्यापुढे तोंडात लबाडी धरून बसायचं कसं? आता बोललो तर कीर्तन गेलं, हे त्यांना कळत होतं. न बोललो तरी ते आपलं राहत नाही, हेही कळत होतं. ते उठले.

"ताई, थांबा. पहिलं अस्वल मी खाल्लं. पोरं खरं बोलतायत."

प्रेमाच्या तोंडून थेट केळूस गावची मालवणी निघाली, "तुमका लाज नाय?"

कुंदाताईंनी झांज खाली ठेवली. "कुणी दिलं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"आग्रह केला कुणी?"

"नाही. छान दिसत होतं. आणि मला वाटलं, कुणी बघत नाहीये."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"साखर विष आहे."

"ठाऊक होतं?"

"तीन वर्षं ठाऊक आहे, ताई."

पोरं टक लावून ऐकत होती. "पुन्हा खाल?" कुंदाताईंनी विचारलं.

भाऊरावांनी प्रेमाकडे पाहिलं, देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. "आज नाही," ते म्हणाले.

पहिल्यांदा केयूर हसला. मग सगळा हॉल हसला. हसू ओसरल्यावर कुंदाताई हळू आवाजात म्हणाल्या, "बाळांनो, मी तासभर आख्यान लावणार होते. आजोबांनी एका ओळीत संपवलं. छान दिसत होतं, कुणी बघत नव्हतं. ती वस्तू अशीच येते, नटूनथटून. आजोबांना काही झालं नाही, कारण ती आजीच्या हातची साखर होती. खरं असतं, तर हे सांगायला ते असे उभे राहिले नसते. आणि मोठ्यांनो, धाक घालायला यापुढे खोटं बोलू नका. खरं सांगायची वेळ येईल तेव्हा पोरांनी विश्वास ठेवायला हवा ना?"

नीलमने केयूरचा कान सोडला. मग तोच कान जरा चोळला.

आणि मग कीर्तन जे रंगलं! दीडशे माणसांच्या टाळ्या, पोरांचा गजर, ढवण हवालदारांचा ठेका. वॉचमनला पंख्याखाली जागा मिळाली नाही, तरी तो दारात उभा राहून गात होता. शेवटी नीलम भाऊरावांजवळ येऊन पुटपुटली, "काका, एकशे सत्तेचाळीस. झुंबा रविवारी ठेवते."

आरती झाली. दारात प्रेमा पेढ्यांचं ताट घेऊन उभी राहिली. ढवणांनी पेढा घेऊन भाचीच्या पुढच्या संक्रांतीतल्या बोरन्हाणाची ऑर्डरही दिली. भाऊरावांनी हात पुढे केला, तेव्हा तिने त्यांच्या तळहातावर एक तुळशीचं पान ठेवलं.

"अगं, प्रसादाला नाही म्हणू नये."

"नाही कुठे म्हणतेय? तुळस हा प्रसादच."

भाऊराव पान चघळत खांबाशी जाऊन उभे राहिले. मन तृप्त होतं. तेवढ्यात मागून सदरा ओढला गेला. केयूर होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मूठ उघडली. आत अख्खा पेढा.

"घ्या ना आजोबा," तो कुजबुजला. "कुणी बघत नाहीये."

भाऊरावांचा हात निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांना जाणवलं की हॉलमधली कुजबुज थांबली आहे. त्यांनी मान वळवली. चार पावलांवर प्रेमा उभी होती आणि तिच्या शेजारी, सापळा कसा लावायचा ते तिला समजावून देणारे हवालदार ढवण.

"आजीनेच सांगितलं होतं, विचारून बघ म्हणून," केयूर म्हणाला.

भाऊरावांनी तो हात तसाच पुढे नेऊन पोराच्या डोक्यावर टेकवला. "आशीर्वाद देत होतो," ते म्हणाले.

"द्या की," प्रेमा म्हणाली. "पण आशीर्वादाचा हात पालथा असतो. तो आधी पालथा करा."