मायक्रोवेव्हला हात लावू नका

गार वरण खायचं नाही, एवढाच निर्णय मी त्या दुपारी घेतला होता. पाटबंधारे खात्याच्या भांडार शाखेत सारी नोकरी कारकुनीत काढलेल्या माणसाला स्वतःहून निर्णय घ्यायची सवय नसते. (घेतला की काय होतं, ते खाली दिलं आहे.)

माझी पत्नी चंद्रभागा तेव्हा मांजरी उपनगरात गेली होती. तिच्या बहिणीने, कौशल्येने, तिकडे नवा फ्लॅट घेतला होता आणि तो लावायला मदत हवी होती. निघताना रिक्षात एक पाय ठेवून तिने सूचना दिल्या.

"फ्रिजमध्ये वरण आहे, भाजी आहे. गॅसवर गरम करून घ्या. आणि अहो, मायक्रोवेव्हला हात लावू नका."

"का?"

"नका म्हटलं ना!"

रिक्षा गेली. मी अपमान गिळून वर आलो. अहो, तो मायक्रोवेव्ह मी निवडून आणलेला! आमचा मुलगा प्रज्ञेश हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं आणि त्याने तिकडून पैसे पाठवले, की बाबा, घरात काहीतरी नवीन घ्या. शोरूममधला मुलगा मला बंद खोक्यातला मायक्रोवेव्ह देत होता. मी काय असा फसतो? भांडारातला माणूस न बघता माल घेत नाही. काचेत मांडलेला, दिवा लागलेला, थाळी फिरत असलेला, डोळ्यांदेखत चालू असलेला पीसच मी उचलला. वर डिस्प्ले पीस म्हणून किंमतही पाडून घेतली.

तेव्हापासून आमचं घर आधुनिक झालं. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसावं, स्वयंपाकघरातून टिंग असा आवाज यावा आणि वाफाळता चहा पुढे यावा. वेग तर विचारू नका! पाच मिनिटांचं बटण दाबलं की आकडे धाडधाड पळायचे आणि आपल्या घड्याळातलं अर्धं मिनिट होतं न होतं तोच काम खलास. हे मी समोरच्या फ्लॅटमधल्या दिगंबर पटवर्धनांना चहा पाजून समजावून सांगितलं होतं.

"पाच मिनिटं अर्ध्या मिनिटात?" पटवर्धन म्हणाले. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांचा कशावरच विश्वास नाही.

"नवं तंत्रज्ञान!"

"मग एकदा आत पेन्शनचं पासबुक ठेवून बघा. पहिली तारीख लवकर येईल."

अशा बोलण्याकडे मी लक्ष देत नाही. "ते सोडा. चहाची चव बघा. गॅसच्या चहाला ही चव येत नाही," असं मी त्यांना रोज सांगायचो आणि ते रोज येऊन ऐकायचे.

तर, वरण. मी काचेचा वाडगा आत ठेवला, बटण दाबलं. दिवा लागला, थाळी फिरली, आकडे पळाले, टिंग झाली. बोट घालून पाहिलं. गार! पुन्हा ठेवलं, पुन्हा टिंग, पुन्हा गार. मी करतच राहिलो. शेवटी शेवटी तर ते आणखीच गार लागायला लागलं.

इतके महिने बायकोच्या हातात बिनतक्रार चाललेलं यंत्र माझा हात लागताच मेलं होतं. तेही ती बजावून गेल्यावर! आता ती परत यायच्या आत ते जिवंत करणं एवढंच माझ्या हातात होतं. मेकॅनिक बोलावणं शक्यच नव्हतं. आमच्या सोसायटीत मेकॅनिक आला की "काय बिघडलं हो?" विचारायला सगळे जिन्यात येतात, आणि ती बातमी मेकॅनिकच्या आधी मांजरीला पोहोचली असती.

मी वाचनालय गाठलं. घरगुती विद्युत उपकरणांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: दिवा लागतो, थाळी फिरते, पण गरम होत नाही, तर मॅग्नेट्रॉन तपासावा. मॅग्नेट्रॉन म्हणजे मायक्रोवेव्हचा जीव, उष्णता तोच तयार करतो. मी प्लग काढला, मागचे स्क्रू सोडवले आणि आत स्क्रूड्रायव्हर घातला.

फटाक!

निळा जाळ दिसला आणि मी ओट्याखाली बसलेलो होतो. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, ती काढता येत नसेल त्याने झाकण उघडूच नये, हे पुस्तकाच्या पुढच्याच पानावर होतं. ते पान मी नंतर वाचलं, जमिनीवर बसून.

दुसऱ्या दिवशी काढलेला मॅग्नेट्रॉन पिशवीत घालून बुधवार पेठेत गेलो. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीच्या तोंडाशी इम्तियाजचं सुट्या भागांचं दुकान आहे.

"मॅग्नेट्रॉन हवा."

"काका, मशीन घेऊन या ना. टेस्ट करून सांगतो काय गेलंय."

"निदान झालेलं आहे. फक्त माल द्या."

"नवा देऊ का जुना?"

नव्याची किंमत ऐकली आणि म्हणालो, "जुना. गॅरंटी काय त्याची?"

"दुकानाच्या पायरीपर्यंत."

मी पिशवीतला माझा मॅग्नेट्रॉन काउंटरवर ठेवला. "हा जमा करून घ्या."

इम्तियाजने तो उलटसुलट करून पाहिला. "हा तर बरा दिसतोय की. परत न्या, कामाला येईल."

"जुना भाग जमा केल्याशिवाय नवा घ्यायचा नाही. भांडाराचा नियम आहे."

"काका, हे भांडार नाही, दुकान आहे."

"तरी घ्या!"

"तुमची मर्जी," म्हणत त्याने तो फळीवर ठेवला. मी लगेहाथ दाराचा स्विच आणि फ्यूजही घेतला. एकच भाग मागितला की मागणीचा कागद शंका लावून परत येतो, हा माझा ऑफिसातला अनुभव.

घरी येऊन, पुस्तकाची या वेळी दोन्ही पानं वाचून, मी सगळं बसवलं. दिवा लागला, थाळी फिरली, टिंग झाली. वरण गार. (एव्हाना त्याला वासही येऊ लागला होता.)

मशीन जेवणाच्या टेबलावर आणून मी पुन्हा स्क्रू काढायला घेणार, तेवढ्यात दार उघडलं. दारात चंद्रभागा! ती एक दिवस आधीच आली होती.

"अहो, हे काय!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मायक्रोवेव्ह बिघडला. माझ्या हातून. वरण गरम करायला गेलो आणि…"

ती हातातल्या पिशवीसकट खुर्चीत बसली. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता सुरू होणार.

"तुम्ही त्यात वरण ठेवलंत?"

"हो."

"आणि ते गरम झालं नाही."

"नाही."

"त्यात काहीच होत नाही गरम. कधीच झालं नाही."

"कधीच म्हणजे?"

"आणल्या दिवसापासून."

मी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "मग चहा?"

"गॅसवर."

"दूध?"

"गॅसवर."

"बुद्धपौर्णिमेची खीर?"

"अहो, सगळं गॅसवर! टिंग तेवढी त्याच्यात वाजवायची."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. पहिल्या दिवशी तुम्ही बटण दाबलंत, टिंग झाली आणि तुम्ही सांगायला दारात धावलात. दूध मी बाहेर काढलं. बघते तर गारढोण. बाहेर आले, तर तुम्ही पटवर्धन भाऊजींना तंत्रज्ञान समजावत होता." तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तुमचं एवढं ऐकत होतं. म्हटलं, असू दे."

मी एवढंच विचारलं, "आणि चहाची ती वेगळी चव?"

"तुम्ही वेगळी आहे म्हणालात, म्हणून गवती चहा घालायला लागले."

तिने प्रज्ञेशला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, डिस्प्लेच्या कोपऱ्यात डी दिसतो का?"

"दिसतो ना. डिलक्सचा."

"बाबा, डेमोचा. शोरूममध्ये नुसतं दाखवायला मशीन तसं लावून ठेवतात. दिवा लागतो, थाळी फिरते, आकडे भराभर पळतात. गरम काही होत नाही. आता स्टॉपचं बटण दाबून धरा. गेला डी?"

"गेला!"

"झालं. तुमचं मशीन पहिल्यापासून ठणठणीत आहे."

मी कपभर पाणी आत ठेवलं. आकडे आता खऱ्या मिनिटांच्या चालीने सरकू लागले. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून काचेतून बघत उभे राहिलो. टिंग. मी बोट घातलं.

गार.

"असं कसं होईल?" फोनमधून प्रज्ञेश ओरडला. "बाबा, तुम्ही आतलं काही बदललं का?"

चंद्रभागेने टेबलावरच्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझा आवाज तुटतोय रे," असं सांगून मी फोन ठेवला आणि तसाच बुधवार पेठेत गेलो.

"तुमचा जुना?" इम्तियाज म्हणाला. "तो विकला गेला ना, काका. एकदम फर्स्ट क्लास पीस होता. लावल्याबरोबर चालू!"

"आणि तुम्ही मला दिलेला?"

"पायरी उतरलात ना, काका?"

घरी आलो तर पटवर्धन नेहमीप्रमाणे येऊन बसलेले. आतून लायटरचा आवाज आला, तो झाकायला मी जोरात खोकलो. मग कितीतरी वेळ मायक्रोवेव्ह नुसता घुमत राहिला. शेवटी एकदाची टिंग झाली आणि चहा आला.

पटवर्धनांनी घोट घेतला. "दशरथराव, पूर्वी तुमची टिंग अर्ध्या मिनिटात व्हायची. आज पाच मिनिटं? वहिनींचा चहा तर केव्हाच उकळला होता."

"म्हणजे?"

"आमच्या खिडकीतून तुमचा गॅस दिसतो."

मी कप खाली ठेवला. "मग… इतके महिने तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर चहा बंद झाला असता," पटवर्धन शांतपणे म्हणाले. "मग तुमचं ऐकायचं कशाच्या जोरावर?"