मेव्हिसची बॅग लंडनला जाते

एक्सेटरच्या फलाटावर पिवळ्या नाकाची 'एकशे पंचवीस' ही लंडनची वेगवान गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा क्लेम पेन्गेलीला तिचा मुका घ्यावासा वाटला. सहा आठवडे मुक्काम ठोकून बसलेली मेहुणी मेव्हिस आज लंडनला परत निघाली होती. तेवढ्या दिवसांत तिने क्लेमचा पाइप परसात धाडला होता आणि क्लेमलाही.

"बॅग नीट ठेव हं, क्लेम. मी पटकन पेपरमिंट घेऊन येते."

क्लेमने ती मणभर बॅग डब्यात चढवून रॅकवर कोंबली. मागे वळतो तो कुणीतरी दार धाडकन लावलेलं! या गाडीच्या दाराला आतून मूठच नाही. खिडकीची काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. काच नेमकी अडकली. क्लेम तिच्याशी झटत असतानाच शिट्टी झाली, दोन्ही टोकांची डिझेल इंजिनं गुरगुरली आणि फलाट मागे सरकू लागला.

मेव्हिस पेपरमिंटचा पुडा हलवत धावत होती. "माझी बॅग! अरे थांबा, माझी बॅग!"

क्लेमचं नाव काही तिच्या तोंडून निघालं नाही.

गाडी एकदम लंडनलाच थांबणार होती.

"तिकीट?" तपासनीसाने विचारलं.

"नाहीये. मी नुसती बॅग ठेवायला चढलो होतो."

तपासनीसाने त्याच्या पायातल्या घरच्या सपाता पाहिल्या. "बॅगेत काय आहे?"

क्लेमने बॅग उघडली. वरच गुलाबी झालरीचा गाऊन होता.

"मेहुणीचा आहे," क्लेम घाईघाईने म्हणाला. समोरची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली.

लंडनला उतरून, दंड भरून त्याने घरी फोन केला. बायको हिल्डा म्हणाली, "ताई म्हणते, बॅग हातात पडल्याशिवाय मी हलणार नाही."

बॅग साडूकडेच टाकावी, म्हणजे मेव्हिस झक मारत येईल, असं ठरवून क्लेमने सिरिलचं दार ठोठावलं. बॅग पाहताच सिरिलचा चेहरा उतरला.

"आली?"

"नाही. फक्त बॅग."

"मग परत ने की! आत्ताच्या आत्ता ने!"

"अजिबात नाही."

बॅग तीन वेळा उंबऱ्याच्या आत-बाहेर झाली. मग सिरिलचे डोळे चमकले. "क्लेम, तूच राहा ना. बॅग इथं, तू इथं. ती तिथं!"

तीन दिवस दोघा साडूंनी अंडी तळली, पत्ते कुटले, भांडी तशीच ठेवली. चौथ्या दिवशी फोन वाजला.

"कंबर धरलीये गं," क्लेम कण्हत म्हणाला. "यायला उशीर होईल."

"होऊ दे की!" हिल्डा खुशीत होती. "शेजारच्या बर्टरॅमनं आम्हा दोघींना काल नाचायला नेलं होतं. बायको गेल्यापासून एकटा पडलाय बिचारा. उद्याही नेणारेय. सिरिललाही सांग, सावकाश या."

क्लेमने ते जसंच्या तसं सांगितलं. सिरिलने हातातले पत्ते खाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिल्या गाडीच्या दारात, बॅगेचं एकेक टोक धरून दोन साडू आधी कुणी चढायचं यावरून भांडत होते.