दाखला परिषद आणि शिमोन गाढवाची तहान

मुलांनो, ज्या जंगलात ही गोष्ट घडली, तिथला वाघ रविवारी शिकार करत नसे. शनिवारीच दोन करून ठेवी.

इतकं ते जंगल धार्मिक होतं. हरणं चरण्याआधी आभार मानत. तरस खाऊन झाल्यावर क्षमा मागे. सगळ्यांनी मिळून जंगलाच्या मधोमध एक सभास्थान उभं केलं होतं. भोवती दगडी कुंपण, आत वडाची सावली, सावलीत पाण्याचा हौद आणि पुढे एक भक्कम फाटक.

फाटकावर रूथ नावाची कुत्री राखणीला होती. काम सोपं होतं. गळ्यात बिल्ला असेल त्याला आत सोडायचं, नसेल त्याच्यावर भुंकायचं. रूथ हे काम मनापासून करी. तिच्याकडून कधी चुकूनही एखादा गरजू आत गेला नव्हता.

फाटकाच्या बाहेर शिमोन नावाचं गाढव पडलेलं असे. कुंपणाचे दगड त्यानेच वाहिले होते. तीन वर्षं वाहिले. पाठ सोलवटली, जखमा झाल्या, जखमा चिघळल्या. मग एके दिवशी कुंपण पुरं झालं आणि शिमोन नेमका बाहेरच्या बाजूला राहिला. आत यायला बिल्ला लागे. बिल्ले वाटणाऱ्यांच्या यादीत दगड वाहणारा कुठे बसतो, ते कोणालाच ठरवता आलं नाही.

दुपारी फाटक बंद असलं की रूथ त्याच्या जखमा चाटी. शेपटीने माशा हाकली.

"राहू दे, रूथबाई," शिमोन म्हणे. "किळस येत असेल तुला."

"दादा, मी कुत्री आहे," रूथ म्हणे. "किळस यायला थोडं शिकलेलं असावं लागतं."

आता त्या जंगलाचा आवडता दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, ऐका. तुम्ही शुभवर्तमानात ऐकला असेल. एक श्रीमंत होता. रोज मेजवान्या झोडायचा. त्याच्या दाराशी लाजर नावाचा एक भिकारी पडलेला असायचा, अंगभर फोडांनी भरलेला. कुत्री येऊन त्याचे फोड चाटायची. पुढे दोघेही मेले. लाजर स्वर्गात, मूळपुरुष अब्राहामाच्या उराशी गेला, श्रीमंत अधोलोकात गेला. तिथल्या ज्वाळांतून तो ओरडला की लाजराला पाठवा, बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझ्या जिभेवर एक थेंब तरी टाकू द्या. अब्राहामाचं उत्तर आलं, तुमच्या आमच्यामध्ये मोठी दरी आहे, आता जमणार नाही.

संपला दाखला. लहान मुलालाही कळेल असा आहे. म्हणूनच जंगलातल्या मोठ्यांना त्याची फार काळजी वाटे.

रेव्हरंड शमुवेल हत्ती म्हणत, ज्वाळा म्हणजे ज्वाळा. खऱ्या, धगधगत्या. ते त्यांचं वर्णन असं करत की पुढच्या रांगेतल्या सशांना घाम फुटे. दरी किती रुंद आहे, हेही त्यांनी सोंडेच्या मापाने काढलं होतं.

फादर इनास वानर म्हणत, घाई नको. स्वर्ग आणि नरक यांच्यामध्ये आणखी एक जागा असते. बहुतेकांना आधी तिथे थांबून शुद्ध व्हावं लागतं. मागे राहिलेल्यांनी प्रार्थना केल्या की मुक्काम लवकर आटोपतो.

डॉक्टर थिओफिल घुबड परदेशी जंगलात शिकून आले होते. ते म्हणत, आग म्हणजे आग नव्हे, दरी म्हणजे दरी नव्हे. हे सगळं रूपक आहे. दिवसा त्यांना दिसत नसे, म्हणून ते डोळे मिटून बोलत. ऐकणाऱ्यांना वाटे, चिंतन चाललं आहे.

अजगराचीही एक छोटी मंडळी होती. मेल्यावर सगळे शेवटच्या दिवसापर्यंत झोपतात, असं ती मानी. सरावही नियमित चाले.

हळूहळू भांडणं विकोपाला गेली. आगवाली माकडं रूपकवाल्या माकडांशी सोयरीक करेनात. शेवटी उन्हाळ्यात मोठी दाखला परिषद भरवायचं ठरलं. विषय एकच: श्रीमंताने मागितलेला तो थेंब खरा होता, की थेंबाचा अर्थ काही वेगळा होता?

त्या वर्षी ओढा माघातच आटला होता. जंगलात पाणी उरलं होतं ते सभास्थानाच्या हौदात, आणि तो हौद परिषदेसाठी राखून ठेवला होता. थेंबावर सात दिवस बोलायचं म्हणजे घशाला कोरड पडणारच की नाही?

पहिल्या दिवशी बोटाच्या टोकावर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी जिभेवर. तिसऱ्या दिवशी सकाळी शिमोनने मान टाकली.

रूथ धावत त्याच्याजवळ गेली. त्याचे ओठ फाटले होते, जीभ सुजून काळी पडली होती.

"रूथबाई," तो म्हणाला, "आत पाणी आहे ना गं? मला वास येतोय."

रूथ आयुष्यात पहिल्यांदा फाटक उघडं टाकून आत गेली. डॉक्टर थिओफिलांचं भाषण चालू होतं. ती मंचासमोर उभी राहिली. शेपटी पोटाशी होती, पण ती बोलली.

"साहेब, बाहेर शिमोन मरतोय. त्याला घोटभर पाणी देऊ का?"

रेव्हरंड शमुवेलांनी कान हलवले. "रूथ, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही."

"थांबा," डॉक्टर थिओफिल डोळे मिटूनच म्हणाले. "ती फार खोल बोलली आहे. दाराशी कोणीतरी तहानलेलं आहे. काय सुंदर प्रतिमा आहे!"

"प्रतिमा नाही हो, साहेब. शिमोन आहे."

"तेच म्हणतो मी."

फादर इनासांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. ते खरोखरच मायाळू होते. "मुली, तो इथे जितकं सोसेल तितकं त्याला पुढे कमी सोसावं लागेल. त्याचं पुण्य आपण घोटभर पाण्यासाठी का बुडवावं?"

"आणि दाखला काय सांगतो?" रेव्हरंड शमुवेल म्हणाले. "गरिबाला सुख मिळतं, पण कधी? मेल्यावर. आत्ताच दिलं तर दाखला खोटा पडेल. घेशील ती जबाबदारी?"

एवढं बोलून त्यांना घसा सुकल्यासारखं वाटलं. त्यांनी सोंड हौदात घातली, मन भरेपर्यंत पाणी प्यायलं आणि उरलेलं पाठीवर उडवलं.

रूथ फाटकाकडे निघाली. वाटेत हौद लागला.

मुलांनो, रूथ काही बंडखोर नव्हती. रेव्हरंड शमुवेलांच्या ज्वाळांवर तिचा पुरा विश्वास होता. देवाच्या घरची वस्तू उचलणाऱ्याला कुठल्या कोपऱ्यात उभं करतात, तेही त्यांनी तपशीलवार सांगितलं होतं. ते तिला आठवलं. आपण जळणार, असं तिला वाटलं. अगदी खरोखर वाटलं. मग बाहेरून शिमोनची धाप ऐकू आली. अब्राहाम बोलला तर त्याला काय सांगायचं, ते नंतर बघू, असं तिने मनाशी ठरवलं.

तिच्याकडे भांडं नव्हतं. तिने सरळ हौदात उडी मारली.

धप्प असा आवाज झाला. भाषण थांबलं. रूथ निथळत बाहेर आली, फाटकातून पळाली आणि शिमोनच्या तोंडाशी अंग टेकून उभी राहिली.

"चाट, दादा," ती म्हणाली. "लवकर चाट."

शिमोनने तिची पाठ चाटली, मान चाटली, पोटाखालचे केस चोखले. गाढवाची जीभ खरखरीत असते. रूथला गुदगुल्या झाल्या. पण हसायची ती वेळ नव्हती, म्हणून ती रडली.

त्याच दुपारी चौकशी बसली. हौदात कुत्रीचे केस तरंगत होते. परंतु खरा गुन्हा वेगळाच होता.

"पाणी दिलंस ते कोणत्या अर्थाने?" रेव्हरंड शमुवेलांनी विचारलं. "आगीच्या भीतीने?"

"नाही, साहेब. आगीला भिऊन तर मी देणार नव्हते."

"मग मधल्या जागेतला आपला मुक्काम कमी व्हावा म्हणून?" फादर इनासांनी आशेने विचारलं.

"नाही, फादर. तसं सुचलंच नाही."

"म्हणजे रूपक म्हणून," डॉक्टर थिओफिल म्हणाले.

"शिमोनदादाला तहान लागली होती," रूथ म्हणाली.

सभेत कुजबुज झाली. या उत्तरात ना स्वर्ग होता, ना नरक, ना मधलं काही. तहान लागली म्हणून पाणी दिलं! असं चाललं तर परिषदेची गरजच काय? तिन्ही पंडितांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्या जंगलाच्या इतिहासात पहिल्यांदाच एक ठराव एकमताने मंजूर झाला. रूथला राखणीवरून काढून टाकण्यात आलं. एकी झाल्याच्या आनंदात तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. काही हरणांना गहिवरून आलं.

रूथ आणि शिमोन जंगलाच्या कडेने निघाले. रूथ पुढे, शिमोन मागे. दर दहा पावलांवर तो थांबे, मग तीही थांबे. आटलेल्या ओढ्याच्या पात्रात आल्यावर शिमोनने वाळूवर नाक टेकलं.

"इथे आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"पाणी. खोलात आहे. आम्हाला कळतं ते."

त्याने खुराने वाळू खरवडायला सुरुवात केली. चार वेळा खरवडली आणि तो मटकन खाली बसला. मग रूथने पंजे चालवले. आधी कोरडी वाळू उडाली, मग ओली, मग चिखल. ती खांद्यापर्यंत खड्ड्यात गेली तेव्हा तळाशी पाणी पाझरायला लागलं. गढूळ होतं, पण गार होतं. दोघं आळीपाळीने प्यायले.

दुसऱ्या दिवशी दोन ससे आले. मग एक साळिंदर, मग पिल्लं घेऊन एक रानडुकरीण. सवयीने रूथ त्यांच्यावर एकदा भुंकली. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि ती बाजूला सरली. वाळू सारखी ढासळे, म्हणून रोज सकाळी झिरा पुन्हा उकरावा लागे. रूथ उकरी आणि शिमोन कुठे उकरायचं ते सांगे.

शिमोन आणखी महिनाभर जगला. जखमा बऱ्याच सुकल्या होत्या, पण आतून तो संपत आला होता. एका सकाळी त्याने झिऱ्याच्या काठावर हनुवटी टेकली.

"रूथबाई, तिकडे काय असेल गं?"

"मला नाही माहीत, दादा. रेव्हरंडसाहेबांना विचारून येऊ?"

"नको," शिमोन म्हणाला. "तू इथेच बस."

रूथ बसली. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसली. मग त्याच्या डोळ्यांवरच्या माशा हाकलायचं तिने थांबवलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. दाराशी पडलेला गरीब मेला म्हणजे जिवंत पुरावाच हाती आला. तिन्ही पंडित लगबगीने ओढ्यावर पोहोचले.

"तो अब्राहामाच्या उराशी पोहोचला," रेव्हरंड शमुवेल म्हणाले. "माझ्या अंदाजाने सकाळीच."

"इतक्यात नाही," फादर इनास म्हणाले. "मधल्या जागी असेल. पण सोसलं खूप, आपण प्रार्थना करू, फार थांबावं लागणार नाही."

"पोहोचला कुठे, हा प्रश्नच बाळबोध आहे," डॉक्टर थिओफिल म्हणाले. "शिमोन ही एक अवस्था होती."

तिघांचा आवाज चढला. हत्तीचा पाय झिऱ्यात पडला आणि काठ ढासळला. रूथने मान वर केली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "दाखल्यात कुत्री आहेत ना? लाजराचे फोड चाटणारी. ती मेल्यावर कुठे गेली?"

"कोणती कुत्री?" रेव्हरंड शमुवेल म्हणाले.

या दाखल्यावर त्यांची शेकडो प्रवचनं झाली होती. फादर इनासांनी त्यावर उपवास केले होते. डॉक्टर थिओफिलांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता. फादर इनासांनी घाईघाईने शुभवर्तमान उघडून बघितलं, तर खरंच, फोडांच्या ओळीतच कुत्री होती.

"ती नुसती ओघात आली आहेत," डॉक्टर थिओफिल म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण या वेळी कोणाला ते चिंतन वाटलं नाही.

"त्या माणसाला दुसरं कोणीच हात लावत नव्हतं," रूथ म्हणाली. "म्हणून विचारलं."

"प्रश्न गंभीर आहे," फादर इनास हळूच म्हणाले. "यावर परिषद घ्यावी लागेल."

"घ्या," रूथ म्हणाली आणि बुजलेला झिरा पुन्हा उकरू लागली. वाळू उडाली ती तिघांच्या अंगावर. त्यात रूपक काही नव्हतं. ते वाऱ्याच्या दिशेला उभे होते, इतकंच.

परिषद भरली. कुत्र्यांविषयी निर्णय झाला नाही. शिमोनविषयी मात्र झाला. सभास्थानाच्या फाटकाशी त्याचा दगडी पुतळा बसवला गेला. शिल्पकार चांगला होता. पाठीवरच्या जखमा हुबेहूब कोरल्या आहेत, जीभ बाहेर आली आहे. शेजारी कुत्री असावी का, हे ठरलं नसल्याने ती जागा मोकळी ठेवली आहे.

दर उन्हाळ्यात शिमोनचा स्मृतिदिन होतो. तिन्ही पंडित हौदातून घागरी भरून आणतात आणि पुतळ्याच्या जिभेवर पाणी ओततात. बरोबर बारा घागरी. पाणी दगडावरून ओघळतं आणि तापलेल्या मातीत जिरतं. फाटकाबाहेर तहानलेली जनावरं रांगेत उभी राहून हे पाहतात. फार हलवून टाकणारा सोहळा असतो, असं म्हणतात. नवा राखणदार लांडगा आहे. तो कोणालाही पुढे येऊ देत नाही.

तात्पर्य, बाळांनो, सुवाच्य अक्षरात लिहून घ्या: तहानलेल्याला पाणी देण्याची घाई कधीही करू नये. त्याची तहान भागते, आणि मग पाण्याच्या अर्थाविषयी बोलायला कोणी उरत नाही.